प्रकल्प नोंदी: मोफत अँटिव्हायरस आणि ठरलेल्या वेळी आपोआप स्कॅन

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सांगितलेलं काम एका ओळीचं: कार्यालयातल्या सगळ्या मशीनवर व्हायरस स्कॅन आपोआप लागला पाहिजे आणि त्यासाठी वेगळा खर्च करायचा नाही.

मशीन तीन तऱ्हेची आहेत. टेबलावरचे डेस्कटॉप, त्यांत विंडोज १० आणि ११ मिसळलेलं, काही होम आवृत्तीचे तर काही प्रो. मग लोकांबरोबर घरी जाणारे लॅपटॉप. आणि सगळ्यांच्या फाइल ठेवायला एक लिनक्स सर्व्हर, जो सहसा बंद होत नाही.

फुकटचं शोधायचं म्हणजे आधी परवाना वाचायचा. नावाजलेल्या बऱ्याच कंपन्यांची मोफत आवृत्ती घरगुती, वैयक्तिक वापरापुरती असते. कार्यालयात ती टाकली की आपण परवान्याबाहेर. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती हाताने स्कॅन मारायला चांगली आहे, पण शेड्यूल पैसे भरणाऱ्यालाच मिळतं. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर डाउनलोड केल्यापासून १० दिवसांनी चालत नाही, पुन्हा नवा उतरवावा लागतो. क्लॅमविनमध्ये शेड्युलर आहे, पण रिअल-टाइम संरक्षण, म्हणजे फाइल उघडताक्षणी होणारी तपासणी, नाही.

म्हणून विंडोजवर डिफेंडर आणि लिनक्सवर क्लॅमएव्ही. डिफेंडर विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजबरोबरच येतो. क्लॅमएव्ही मुक्त स्रोत आहे, जीपीएल परवान्याखाली. टोमाश कोयम यांनी ते २००२ मध्ये सुरू केलं, २००७ मध्ये ते सोर्सफायरकडे गेलं आणि २०१३ मध्ये सिस्कोने सोर्सफायरच विकत घेतली. आजही सिस्कोचाच गट ते सांभाळतो. मागे कोण उभं आहे हे पाहिल्याशिवाय सर्व्हरवर काही टाकायचं नाही, हा माझा जुना हट्ट.

एका लॅपटॉपवर विकत येताना आलेला चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस सापडला. मुदत कधीच संपलेली, तरी चिन्ह घड्याळाशेजारी दिमाखात बसलेलं. काढून टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं, डिफेंडर आपोआप जागा झाला. दोन रिअल-टाइम अँटिव्हायरस एकत्र नांदत नाहीत. दुसरा आला की डिफेंडर बाजूला होतो, आणि त्या अवस्थेत त्याच्या शेड्यूलवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काही बदलण्याआधी आत्ताची स्थिती पाहिली. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘गेट-एमपीकॉम्प्युटरस्टेटस’ चालवलं की डिफेंडर आपलं प्रगतिपुस्तक पुढे ठेवतो: रिअल-टाइम चालू आहे का, सिग्नेचर (ओळखीच्या व्हायरसच्या खुणांची यादी) किती दिवसांची, क्विक स्कॅन होऊन किती दिवस झाले, फुल स्कॅन होऊन किती.

क्विक स्कॅनच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी लहान आकडे. फुल स्कॅनच्या रकान्यात मात्र एकामागून एक मशीनवर तोच आकडा: ४२९४९६७२९५. इतके दिवस म्हणजे एक कोटी वर्षांहून जास्त. बत्तीस बिटांत मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या, आणि डिफेंडरच्या हिशेबात तिचा अर्थ ‘असा स्कॅन कधी झालेलाच नाही’. पडद्यावर मात्र हिरवी खूण आणि ‘कोणतीही कृती आवश्यक नाही’.

खूण खोटं बोलत नाही. ती रिअल-टाइम संरक्षण आणि सिग्नेचर यांबद्दल बोलते आहे. पण वापरणाऱ्याला वाटतं की सगळं तपासून झालंय. आपोआप स्कॅनमधली खरी अडचण मला इथेच दिसते. व्हायरस सापडला नाही आणि स्कॅन झालाच नाही, दोन्हींचा परिणाम एकच: शांतता. शेड्यूल लावायला फार वेळ लागणार नाही. ते चुकलं तर मला कळणार कसं, यावर जास्त वेळ द्यायचा, असं आजच लिहून ठेवतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

क्विक की फुल, यावर चर्चा. क्विक स्कॅन मेमरीत चालू असलेले प्रोग्राम, सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या गोष्टींच्या जागा, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या) ठरावीक नोंदी आणि विंडोजचे नेहमीचे फोल्डर पाहतो. व्हायरसला मशीन चालू झाल्यावर पुन्हा उठायचं असेल तर तो यांपैकी कुठेतरी पाय रोवणारच. फुल स्कॅन सगळ्या डिस्कवरची प्रत्येक फाइल उघडतो.

साहेबांचा प्रश्न रास्त होता: “फाइल उघडताना डिफेंडर तपासतोच ना? मग वेळापत्रक कशाला?” रिअल-टाइम तपासतो तेव्हा त्याच्याकडे त्या क्षणाच्या सिग्नेचर असतात. महिन्यापूर्वी उतरवलेली फाइल त्या दिवशी कोणालाच ओळखू आली नसेल आणि त्यानंतर कोणी तिला हात लावला नसेल, तर ती तशीच पडून राहते. ठरलेल्या वेळचा स्कॅन जुन्या फाइल नव्या सिग्नेचरने पुन्हा पाहतो. त्याचा उपयोग तेवढाच आहे आणि तेवढा पुरेसा आहे. रिअल-टाइम बंद ठेवून नुसत्या शेड्यूलवर विसंबणं मात्र कामाचं नाही.

मायक्रोसॉफ्टचाही सल्ला असाच: रोजचा क्विक स्कॅन आणि चालू असलेलं रिअल-टाइम बहुतेकांना पुरतं, फुल स्कॅन सुरुवातीला एकदा. आम्ही रोज क्विक आणि तूर्त आठवड्यातून एकदा फुल धरलं आहे. फुलचं पुढे बघू.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज प्रत्यक्ष शेड्यूल. टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, डिफेंडरच्या फोल्डरात ‘विंडोज डिफेंडर शेड्यूल्ड स्कॅन’ नावाचं काम आधीच असतं. त्यात ट्रिगर जोडून वेळ लावता येते, पण प्रत्येक मशीनवर जाऊन टिचक्या मारत बसावं लागतं. सगळ्या मशीनना एकदम सेटिंग लावणारी ग्रुप पॉलिसी होम आवृत्तीत नाही. म्हणून डिफेंडरची सेटिंग बदलणाऱ्या ‘सेट-एमपीप्रेफरन्स’च्या आज्ञा एका छोट्या पॉवरशेल फाइलमध्ये लिहिल्या आणि तीच फाइल सगळीकडे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली. हे होमवरही चालतं.

वेळेचं पहिलं. मूळ वेळ पहाटे २ ची असते. आमचे डेस्कटॉप संध्याकाळी बंद होतात, लॅपटॉप तर दप्तरात झाकण मिटून पडलेले. पहाटेचा स्कॅन लागणार कोणाला? रोजचा क्विक स्कॅन दुपारच्या सुट्टीत ठेवला. फुलसाठी बुधवार. इथे वारांची मोजणी रविवारपासून, रविवार १, त्यामुळे बुधवार ४. शून्य म्हणजे रोज आणि ८ म्हणजे कधीच नाही.

मग चुकलेल्या स्कॅनची भरपाई. ही सोय मुळात बंद असते. चालू केली तर लागोपाठ दोन ठरलेले स्कॅन हुकल्यावर पुढच्या लॉगिनला तो लावला जातो. सेटिंगचं नाव ‘डिसेबल’ने सुरू होतं, त्यामुळे चालू करायला त्यात ‘फॉल्स’ लिहायचं. अशा उलट्या सेटिंगपुढे मी नेहमी मराठीत एक ओळीची टीप टाकतो, नाहीतर सहा महिन्यांनी वाचणारा, बहुधा मीच, डोकं धरून बसतो.

मशीन रिकामं असेल तरच स्कॅन करा, ही अट मुळात चालू असते. दुपारच्या सुट्टीत मशीन रिकामं असेलच असं नाही, काही जण तिथेच बसून असतात. डेस्कटॉपवर ती काढली, लॅपटॉपवर ठेवली.

स्कॅन सुरू करण्याआधी नव्या सिग्नेचर आहेत का ते बघ, हेही चालू केलं. शिवाय डिफेंडर ठरलेली वेळ प्रत्येक मशीनवर थोडी मागेपुढे करतो. शेकडो मशीन एकदम सुरू झाली तर नेटवर्कचा आणि आभासी मशीनच्या डिस्कचा जीव जाईल, म्हणून ती सोय. आमच्याकडे मशीन मोजकी, आणि सुट्टीची वेळ नेमकी गाठायची आहे. ती बंद केली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहिला फुल स्कॅन. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिफेंडरच्या ‘ऑपरेशनल’ लॉगमध्ये तीन क्रमांकांवर लक्ष ठेवलं: १००० म्हणजे स्कॅन सुरू झाला, १००१ म्हणजे पूर्ण झाला, १००२ म्हणजे पूर्ण होण्याआधी थांबवला गेला.

नव्या, एसएसडी असलेल्या मशीनवर १००० आणि पाठोपाठ १००१. सुट्टी संपता संपता काम आटोपलं, कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

हिशेबाच्या टेबलावरचं मशीन जुनं, त्यात फिरती हार्ड डिस्क. ताईंनी चार वाजता निरोप पाठवला, “दादा, एक व्हाउचर उघडायला एवढा वेळ? आज काय केलंत तुम्ही?” जाऊन पाहिलं तर सीपीयू निवांत आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली. डिफेंडरमध्ये सीपीयूची मर्यादा असते, मुळात ५० टक्के, ती २० वर आणली. फरक जाणवला नाही, आणि जाणवणार नव्हताच. एक तर ती मर्यादा सरासरीची आहे, त्यामुळे मधूनच उसळी येते. दुसरं म्हणजे इथे अडलेलं काम सीपीयूपाशी नव्हतंच. फिरत्या डिस्कवर स्कॅन आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर दोघं एकाच सुईला दोन दिशांना ओढत होते. मशीन रिकामं असताना स्कॅन चालला तर ही मर्यादा लागू होत नाही, हेही कागदपत्रांत आहे. ते बरोबरच आहे, कोणी बसलेलं नसेल तर हळू कशाला जायचं.

साडेपाचला ताईंनी मशीन बंद केलं. लॉगमध्ये १००२.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दर आठवड्याचा फुल स्कॅन जुन्या डिस्कवर झेपणारा नाही. महिन्यातून एकदा पुरे. पण डिफेंडरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये वार निवडता येतो, महिन्याची तारीख नाही. म्हणून तिथे फक्त रोजचा क्विक स्कॅन ठेवला आणि फुलसाठी टास्क शेड्युलरमध्ये वेगळं काम तयार केलं. ते ‘एमपीसीएमडीरन’ हा डिफेंडरचा आज्ञेवर चालणारा प्रोग्राम चालवतं, स्कॅन प्रकार २. प्रकार १ म्हणजे क्विक आणि ३ म्हणजे सांगितलेला फोल्डर.

हा प्रोग्राम दोन ठिकाणी सापडतो. एक प्रोग्राम फाइल्समध्ये. दुसरा प्रोग्राम डेटाच्या आत ‘प्लॅटफॉर्म’ नावाच्या फोल्डरात, आवृत्तीच्या आकड्याच्या नावाने. दुसरा जास्त ताजा असतो, पण डिफेंडर अपडेट झाला की तो आकडा बदलतो आणि कामात लिहिलेला पत्ता पोकळ होतो. पहिला पत्ता लिहिला.

टास्कच्या खिडकीत वेळ सगळ्यात कमी महत्त्वाची निघाली. बाकीच्या खुणा जास्त पाहाव्या लागल्या. काम ‘सिस्टीम’ खात्याखाली चालवलं, म्हणजे कोणी लॉगिन केलेलं असो वा नसो. ‘ठरलेली वेळ हुकली तर शक्य तितक्या लवकर सुरू करा’ ही खूण मुळात नसते, ती केली. ‘चार्जर लावलेला असेल तरच सुरू करा’ मुळात असते. लॅपटॉपवर ती ठेवली, पण तिच्या जोडीची ‘बॅटरीवर गेलं तर थांबवा’ काढून टाकली, कारण बैठकीला जाताना कोणीही चार्जर उपटतो आणि अर्ध्यावर आलेला स्कॅन वाया जातो. स्कॅनसाठी मशीन झोपेतून उठवायची खूण कुठेच केली नाही. दप्तरात बंद असलेला लॅपटॉप जागा होऊन तापत बसावा, एवढं या स्कॅनचं महत्त्व नाही.

‘शेवटचा निकाल’ या रकान्यात शून्य दिसलं की काम नीट झालं. ४१३०१ म्हणजे अजून चालू आहे, ४१३०३ म्हणजे एकदाही चाललेलं नाही. ही दोन्ही चुकीची चिन्हं नाहीत, पण सोळा पायाच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत लिहिलेली असल्याने दचकायला होतं.

ताईंच्या मशीनचा फुल स्कॅन महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी लावला. त्या दिवशी मशीन चालू सोडून जायचं, त्यांच्याशी बोलून ठरलं. डिस्क बदलायचा अर्जही दिला. खरा इलाज तोच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

लिनक्स सर्व्हर. क्लॅमएव्हीचे तीन भाग कामाचे. ‘फ्रेशक्लॅम’ सिग्नेचर आणतो, मूळ सेटिंगनुसार दिवसातून १२ वेळा विचारतो. ‘क्लॅमस्कॅन’ एकट्याने स्कॅन करतो. ‘क्लॅमडी’ हा सतत मेमरीत बसलेला भाग, आणि ‘क्लॅमडीस्कॅन’ त्याच्याकडून काम करून घेतो.

क्लॅमस्कॅन प्रत्येक वेळी सिग्नेचरचा सगळा संच वाचतो, मग पहिली फाइल उघडतो. एका फाइलसाठीही तेवढंच थांबायचं. क्लॅमडीत हे एकदाच होतं, बदल्यात एक गिगाबाइटहून जास्त मेमरी कायमची अडकते. नव्या सिग्नेचर आल्या की जुना आणि नवा संच काही काळ दोन्ही मेमरीत राहतात, म्हणजे जवळपास दुप्पट. लहान सर्व्हरवर नेमक्या याच क्षणी मेमरी संपते आणि लिनक्स क्लॅमडीला मारून टाकतो. दोन संच एकत्र न ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. मग अपडेटच्या वेळी स्कॅन थोडा खोळंबतो. आम्हाला चालतं, ती लावली.

सर्व्हर चोवीस तास चालू, त्यामुळे वेळ हुकण्याचा प्रश्न नाही, साधा क्रॉन, म्हणजे लिनक्सचा ठरलेल्या वेळी कामं चालवणारा भाग, पुरतो. अधूनमधून बंद होणाऱ्या मशीनवर सिस्टिमडीचा टायमर घेतला असता, कारण हुकलेलं काम तो मशीन चालू झाल्यावर उरकतो. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, लॉगच्या नावात तारीख घालायची असेल तर टक्क्याच्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ हवी. नाहीतर क्रॉन त्या चिन्हाला नवी ओळ समजतो, आज्ञा तिथेच तुटते आणि हाताने चालवून पाहिली तर तीच आज्ञा छान चालते. म्हणून सगळं वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवलं आणि क्रॉनटॅबमध्ये तिचा फक्त पत्ता. आधीचा स्कॅन संपला नसेल तर दुसरा सुरू होऊ नये, यासाठी कुलूपही तिथेच घातलं.

काम सावकाश चालावं म्हणून लोक क्लॅमडीस्कॅनच्या आधी ‘नाइस’ ही प्राधान्य कमी करणारी आज्ञा लावतात. त्याने काहीही होत नाही. मेहनत क्लॅमडी करत असतो, क्लॅमडीस्कॅन नुसता निरोप्या. प्राधान्य कमी करायचं तर क्लॅमडीच्या सेवेचं करायला हवं. तिथे केलं, आणि सकाळच्या फाइल पुन्हा नेहमीच्या वेगाने उघडू लागल्या.

परवानग्यांचा घोळ अपेक्षित होता. क्लॅमडी स्वतःच्या मर्यादित खात्याने चालतो आणि लोकांच्या फोल्डरात त्याला प्रवेश नाही. त्याला रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार देण्याऐवजी ‘एफडीपास’ पर्याय घेतला: फाइल क्लॅमडीस्कॅन उघडतो आणि उघडलेली फाइल क्लॅमडीच्या हातात देतो.

निकालाचे तीन आकडे: ० म्हणजे काही सापडलं नाही, १ म्हणजे सापडलं, २ म्हणजे काहीतरी चुकलं. स्क्रिप्टमध्ये तिन्ही वेगळे हाताळले. दोनकडे दुर्लक्ष केलं तर क्लॅमडी बंद पडलेला असतानाही रोज रात्री ‘व्हायरस नाही’ अशीच नोंद होत राहील.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चाचणी. खरा व्हायरस कोणी वापरत नाही, त्यासाठी आयकारची चाचणी फाइल असते: ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ, जिला सगळे अँटिव्हायरस ठरवून व्हायरस म्हणतात.

विंडोजवर नोटपॅडमध्ये ओळ चिकटवून साठवली, आणि फाइल हातात येण्याआधीच गायब. लॉगमध्ये १११६, सापडलं. मग १११७, कारवाई केली. बघणारे खूश झाले. पण यातून रिअल-टाइम चालतंय एवढंच कळलं, वेळापत्रकाबद्दल एक अक्षरही नाही. शेड्यूलचा पुरावा विंडोजवर १००० आणि १००१ च्या तारखांतूनच घ्यावा लागेल.

सर्व्हरवर आम्ही फाइल उघडतानाची तपासणी लावलेली नाही, त्यामुळे तिथे खरी परीक्षा झाली. लिनक्सवरूनच फाइल एका आतल्या फोल्डरात ठेवली. रात्री स्कॅन लागला, निकाल १, सकाळी मेल. मेलमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता होता.

दुसरी फाइल जाणूनबुजून वाकडी ठेवली होती. आयकार आणि भरपूर निरर्थक डेटा एका झिपमध्ये, आकार क्लॅमएव्हीच्या मर्यादेपेक्षा मोठा. आमच्या आवृत्तीत एका फाइलची मूळ मर्यादा १०० मेगाबाइट आहे. लॉगमध्ये तिच्यापुढे ‘ओके’. मर्यादा ओलांडणारी फाइल क्लॅमएव्ही मुळात स्वच्छ म्हणूनच नोंदवतो, वगळली असं म्हणत नाही. मर्यादा ओलांडली तर इशारा द्या, असा पर्याय आहे, तो चालू केला. आता सकाळच्या मेलमध्ये न तपासलेल्या मोठ्या फाइलची यादी वेगळी येते. मर्यादाही वाढवली, पण ती कितीही ताणली तरी २ गिगाबाइटच्या पुढे क्लॅमएव्ही जात नाही. बॅकअपच्या आणि आभासी डिस्कच्या फाइल त्याहून कितीतरी मोठ्या. त्या जिथे तयार होतात, त्या मशीनवरच आतल्या फाइल तपासल्या गेल्या पाहिजेत.

३ मार्च, सोमवार

ज्यासाठी एवढा खटाटोप, ते आज बसवलं. प्रत्येक विंडोज मशीन रोज दुपारी सर्व्हरवरच्या एका फोल्डरात स्वतःच्या नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहितं: तारीख, रिअल-टाइम चालू की बंद, सिग्नेचर किती दिवसांची, क्विक आणि फुल स्कॅन होऊन किती दिवस झाले. सर्व्हर सकाळी सगळ्या फाइल वाचतो. सिग्नेचर तीन दिवसांहून जुनी, क्विक स्कॅन आठवड्याहून जुना, किंवा ओळच ताजी नाही, अशांची नावं वर आणतो. मशीनची यादी सर्व्हरकडे आधीपासून आहे. त्यामुळे एखाद्या मशीनने काहीच लिहिलं नाही तर तेही दिसतं.

पहिल्याच सकाळी एक लॅपटॉप वर आला. क्विक स्कॅन कालचाच, रिअल-टाइम चालू, सिग्नेचर मात्र जुनी. तो ज्यांच्याकडे आहे ते बहुतेक दिवस बाहेर फिरतात आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतात. त्या जोडणीला विंडोजमध्ये ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा जपून वापरायची, खूण होती. अशा जोडणीवर डिफेंडर मुळात सिग्नेचर उतरवत नाही. म्हणजे रोज नेमाने स्कॅन होत होता, शिळ्या माहितीवर. मीटर्ड जोडणीवरही अपडेट घेण्याचं सेटिंग त्या लॅपटॉपवर चालू केलं. ‘स्कॅन झाला’ एवढंच तपासलं असतं तर हा लॅपटॉप कधीच वर आला नसता.

५ मार्च, बुधवार

हिशेबाचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांचा माणूस आला होता. त्याचं म्हणणं, पूर्ण फोल्डर अँटिव्हायरसमधून वगळा म्हणजे वेग वाढेल. वगळलेला फोल्डर फक्त शेड्यूलमधून वगळला जात नाही, रिअल-टाइमही तिकडे बघणं सोडतं. ज्या फोल्डरात प्रोग्राम स्वतःला अपडेट करतो, तिथे पहारा उठवणं मला मान्य नाही. फक्त डेटाबेसच्या त्या एका प्रकारच्या फाइल वगळल्या.

त्या निमित्ताने सगळ्या मशीनवरच्या वगळलेल्या जागा पाहिल्या. एका ठिकाणी पूर्ण डाउनलोड्स फोल्डर वगळलेला निघाला. कोणी आणि कधी केलं, सांगता येत नाही; बहुधा काहीतरी बसवताना अडलं असेल. ते काढून टाकलं आणि हाताने फुल स्कॅन लावला, काही सापडलं नाही. मशीनमध्ये शिरलेला प्रोग्रामही पहिलं काम म्हणून स्वतःची जागा अशीच वगळून घेऊ शकतो. रोजच्या ओळीत आता वगळलेल्या जागांची यादी जोडली आहे. कालच्यापेक्षा वेगळी दिसली तर सर्व्हर ते मशीन वर आणतो. डिफेंडरच्या लॉगमध्ये सेटिंग बदलल्याची नोंद ५००७ क्रमांकाने येते, ती उलट तपासायला उपयोगी.

११ मार्च, मंगळवार

सर्व्हरवर मॅक्रो (फाइलच्या आतले छोटे प्रोग्राम) असलेल्या ऑफिस फाइलवर इशारा द्यायचा पर्याय प्रयोग म्हणून चालू केला होता. सकाळचा मेल लांबलचक. पगारपत्रकापासून रजेच्या अर्जापर्यंत अर्ध्या एक्सेल फाइलमध्ये मॅक्रो आहेत, सगळे आपलेच. असा मेल दोन दिवस कोणी वाचतं, तिसऱ्या दिवशी न उघडताच बाजूला सारतं. बंद केला.

सापडलेल्या फाइलचं काय करायचं हेही पक्कं झालं: सर्व्हर आपोआप काहीही पुसणार नाही, हलवणारही नाही, फक्त कळवेल. चुकीने पकडलेली हिशेबाची फाइल ऐन महिनाअखेरीस गायब होणं आम्हाला परवडणारं नाही. माणसाने बघून क्वारंटाइनच्या, म्हणजे संशयित फाइल अलग ठेवायच्या, फोल्डरात हलवायची. विंडोजवर डिफेंडर स्वतः क्वारंटाइन करतो, तिथून फाइल परत आणता येते, त्यात हात घातला नाही.

१७ मार्च, सोमवार

ताईंच्या मशीनला एसएसडी बसली. फुल स्कॅन तिथेही इतरांबरोबर, शनिवारची सोय रद्द.

पेनड्राइव्हचा मुद्दा निघाला. फुल स्कॅनमध्ये डिफेंडर मुळात काढता-घालता येणारे ड्राइव्ह धरत नाही. ते चालू करता येतं, पण स्कॅन लागेल त्या वेळी पेनड्राइव्ह खोचलेला असायला हवा. आमच्याकडे ते सहसा घडत नाही, आणि त्यावरची फाइल उघडताना रिअल-टाइम बघतंच. सोडून दिलं.

सकाळचा मेल आतापर्यंत काही गडबड असली तरच जायचा. तो बदलला. सर्व्हरच बंद पडला किंवा मेल जाणं थांबलं तर पुन्हा तीच शांतता. आता मेल रोज जातो, विषयातच एकूण मशीन, ठीक असलेली आणि लक्ष द्यायची असे तीन आकडे. आठ वाजेपर्यंत मेल आला नाही तर सर्व्हर बघायचा. मी रजेवर असताना तो कोणी बघायचा हे अजून ठरायचं आहे. साहेबांना विचारलंय, गुरुवारच्या बैठकीत नाव मिळेल असं म्हणाले.